आठ लाखांची मनोती

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची पांढर आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी ती बारा हंगाम उकरली. खाली निघालं ते इसवीसनापूर्वी १६०० ते ७०० च्या दरम्यान, जवळजवळ नऊशे वर्षं नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव. शंभराहून जास्त घरं, अडीचशेहून जास्त दफनं, सातूची शेती. नदीचं पाणी वळवायला खणलेला एक पाटही सापडला. सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल. गुणाकार केला तर २८०० घनमीटर माती होते. लोखंड अजून यायचं होतं. एका माणसानं दिवसाला एक घनमीटर उकरली असं धरलं, तरी २८०० माणसांचा दिवसभराचा घाम. शंभर माणसं रोज लावली तर अठ्ठावीस दिवस.

एवढी माणसं कोणीतरी बोलावली, राबवली आणि राबत असताना खाऊ घातली. तो कोण, याचं उत्तर उत्खनकांनी पाच खोल्यांच्या एका घरात शोधलं. हे घर गावप्रमुखाचं असावं आणि त्याला लागून असलेली इमारत धान्याचं कोठार असावं, असा त्यांचा तर्क. गावानं कर म्हणून आणून दिलेलं धान्य तिथे साठत असे. म्हणजे कोठार गावाचं आणि शेजार प्रमुखाचा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थावर मी कसलाही आळ घेत नाही, पुरावा नाही. मात्र मापं टाकायला कोण बसत होतं हे जाणून घ्यायला मला फार आवडलं असतं. कारण याच नदीच्या वरच्या अंगाला, पंचवीस-तीस किलोमीटरवर, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जो कारभार उभा राहिला त्याची मापं कागदावर शिल्लक आहेत. ती वाचताना डोकं गरगरतं.

वरच्या अंगाला म्हणजे शिरूर ऊर्फ घोडनदी. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीराव पेशव्यानं ईस्ट इंडिया कंपनीशी वसईचा तह केला आणि तिची तैनाती फौज पदरी घेतली. किमान ६००० पायदळ, सोबत तोफखाना, आणि त्यांच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून दिलेला. या फौजेची मोठी छावणी शिरूरला पडली. तिथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला, तर आसपासच्या गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष ठरवून त्याच्या थडग्यापुढे सुगीचं पहिलं धान्य ठेवायला सुरुवात केली. घोडेच्या काठी धान्य वाहायला कोणीतरी लागतंच, असं दिसतं.

२६ लाख म्हणजे किती? दिवसाला ७१२३ रुपये. त्या काळी कंपनीच्या शिपायाला महिना सात रुपयांच्या आसपास मिळत, वर्षाचे ८४. सहा हजार शिपायांचा वर्षाचा पगार झाला ५ लाख ४ हजार. बाकीचे एकवीस लाख गोरे अधिकारी, तोफा, बैल, दाणागोटा आणि कंपनीची तिजोरी यांच्यात जिरायचे. हा ५ लाख ४ हजारांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो गज म्हणून लागणार आहे.

आता गंमत अशी की सहा हजार बंदुका आणि सव्वीस लाखांचा मुलूख यांच्यामधलं सगळं बोलणं पुण्यात एका माणसाच्या तोंडून होत होतं. कर्नल बॅरी क्लोज १८०१ पासून जवळजवळ दशकभर पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्याच्या दरबारातला कंपनीचा वकील, होता. त्याचा विश्वासू मध्यस्थ म्हणजे खुश्रूशेट मोदी. नारायण पेठेतल्या मोदी गणपतीच्या नावातले मोदी ते हेच, असं पुणेकर सांगतात. पेशव्याचा निरोप मोदींकडून क्लोजला, क्लोजचा जबाब मोदींकडून पेशव्याला. बाजीरावाला राज्य चालवता येत नसेल, माणूस मात्र ओळखता येत होता. त्यानं या कंपनीच्या नोकराला कर्नाटकची सरसुभेदारी देऊन टाकली.

म्हणजे काय झालं ते नीट पाहा. कर्नाटक प्रांताचा वसूल पेशव्याच्या वतीनं गोळा करणारा अधिकारी आणि पेशव्याच्या कारभारावर कंपनीच्या वतीनं नजर ठेवणारा माणूस हे एकच. कर्नाटकातली रयत मामलेदाराविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन संगमावरच्या रेसिडेन्सीत गेली, तर ते गाऱ्हाणं इंग्रजीत कोण सांगणार? मोदीच. पेशव्याला कंपनीकडून काही हवं असलं तर शब्द कोण टाकणार? तेही मोदी. अशा माणसाला लाच देण्याची गरजच उरत नाही, तो दोन्ही दरबारांत रीतसर पगारी असतो.

१८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट होऊन आला. त्याला भाषा येत होत्या आणि मधला माणूस नको होता. तोवर पेशव्याच्या दरबारातले सदाशिव माणकेश्वरांसारखे जुने दोस्तही मोदींवर उलटले होते. दोन्हींपैकी एक काम सोडा, असं एल्फिन्स्टननं सांगितलं. मोदींनी कंपनीची चाकरी धरली, सरसुभा सोडला. तो गेला बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्याकडे. पण कर्नाटकातल्या वसुलीच्या तक्रारी मागे लागल्याच. शेवटी पुणं सोडून गुजरातेत जायचं ठरलं, आणि निघण्याच्या तोंडावर मोदी विषानं मेले. विष कोणी दिलं की स्वतःच घेतलं, याचा निकाल तेव्हाही लागला नाही.

त्याच सुमारास पुण्यात आणखी एक वकील अडकला होता. गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याच्या रेसिडेन्सीत कंपनीच्या चाकरीत वाढले, मग गायकवाडांचे कारभारी झाले आणि १८१४ मध्ये गायकवाडांचे वकील म्हणून, कंपनीची हमी घेऊन, पुण्यात आले. वाद दोन. एक, अहमदाबादचा इजारा. वर्षाला साडेचार लाखांवर तो गायकवाडांकडे होता, त्याची मुदत संपली होती. दुसरा, पेशव्याची गायकवाडांवरची जुनी येणी. बाजीरावानं शास्त्र्यांना बोलण्यात जिंकलं. तुम्हीच माझे कारभारी व्हा म्हणाला, आणि आपली मेहुणी त्यांच्या मुलाला द्यायचं ठरवलं. नाशकात लग्नाची तयारीही झाली. ज्यांच्याशी घासाघीस करायला आलो त्यांच्याच घरात सोयरीक, आणि समोरच्या गादीची दिवाणगिरी पुढ्यात. असल्या मनःस्थितीत शास्त्र्यांनी सगळ्या मागण्यांच्या बदल्यात वर्षाला ७ लाख उत्पन्नाचा मुलूख सोडायची तडजोड मांडली. बडोद्याहून होकार येईना. लग्न मोडलं. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात देवदर्शनाहून परतताना शास्त्र्यांचा खून झाला आणि त्रिंबकजीवर आळ आला.

ते प्रकरण बाजीरावावर शेकलं. दोन वर्षांनी कंपनीनं त्याच्यावर लादलेल्या १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात ही जुनी येणी वर्षाला ४ लाखांवर मिटली. दोन्ही सौदे तंतोतंत सारखे नव्हते आणि दुसऱ्याच्या वेळी बाजीरावाच्या मानेवर तलवार होती, हे मान्य. तरी दर वर्षी तीन लाखांचा फरक उरतोच. त्याच तहात बाजीरावाला ३४ लाखांचा मुलूख सोडावा लागला. वकिलाला फितवण्याचा खर्च म्हणजे एक लग्न आणि एक आश्वासन. त्यापायी जे हातचं गेलं ते वर्षाला चौतीस लाख, म्हणजे दिवसाला नऊ हजारांवर.

इथवर वकील दुसऱ्या दरबाराच्या मोहात पडत होते. हैदराबादेत रेसिडेंटच सावकाराच्या बाजूला जाऊन बसला, आणि आकड्यांनी पातळी ओलांडली. या प्रकरणाचीही दोन मुळं पुण्यात आहेत. जनरल विल्यम पामर १७९८ ते १८०१ या काळात पुण्याचा रेसिडेंट होता. त्याच्या आणि फैज बक्ष बेगमेच्या मुलानं, धाकट्या विल्यम पामरनं, १८१४ मध्ये हैदराबादेत पेढी काढली. ती काढायला पाठबळ देणारा रेसिडेंट हेन्री रसेल यानंही हैदराबादला नेमणूक होण्याआधी काही काळ पुण्याच्या रेसिडेन्सीचं काम पाहिलं होतं.

पेढीचा धंदा साधा होता. निजामाच्या सरकारला कर्ज द्यायचं, दिवाण चंदूलालकडून परगण्यांचा वसूल तारण म्हणून लावून घ्यायचा. मराठवाडा आणि वऱ्हाड तेव्हा निजामाचे. औरंगाबादकडच्या स्वारांचा पगार पेढीनं भागवायचा आणि बदल्यात वऱ्हाडातल्या वसुलावर हात ठेवायचा, अशीही व्यवस्था झाली. वऱ्हाडातल्या कुणब्यानं भरलेला सारा अशा रीतीनं थेट हैदराबादच्या पेढीत पोचू लागला.

व्याज साल शेकडा चोवीस-पंचवीस. आता कागद-पेन्सिल घ्या. कंपनी स्वतः कर्ज उभारायची ते सहा टक्क्यांच्या आसपास. एक लाख रुपये सहा टक्के चक्रवाढीनं दहा वर्षं ठेवले तर १ लाख ७९ हजार होतात. चोवीस टक्क्यांनी ८ लाख ५९ हजार. वीस वर्षांनी पहिला आकडा ३ लाख २१ हजार, दुसरा जवळजवळ ७४ लाख. तीस वर्षांनी सहा टक्केवाला पावणेसहा लाखांवर धापा टाकत असतो आणि चोवीस टक्केवाला ६ कोटी ३५ लाखांवर पोचलेला असतो. मूळ रक्कम तीच, एक लाख. चौपट दर, पण एकशे दहापट फळ. माणसाचं डोकं बेरजेला सरावलेलं असतं, गुणाकाराच्या गुणाकाराला नाही. सावकारी त्याच फटीतून आत शिरते.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. चोवीस टक्के हा त्या बाजारात अघोरी दर नव्हता, देशी सावकारही तितकंच घेत. करेन लिओनार्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी पामरची पेढी म्हणजे एक हिंदुस्थानी धाटणीची सावकारी पेढीच होती, असं म्हणून त्याची बाजू बरीच सावरली आहे. मला ते पटतंही. पण मग इतर सावकारांकडे जे नव्हतं आणि पामरकडे होतं ते काय, हे विचारावं लागतं. १७९७ च्या ब्रिटिश कायद्यानं इंग्रज प्रजाजनांना देशी राजांना कर्ज द्यायला मनाई केली होती. सरकारनं परवानगी दिली तरच सूट. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जनं पामरच्या पेढीला ती दिली. पेढीत आदल्याच वर्षी सर विल्यम रंबोल्ड भागीदार म्हणून शिरला होता. त्याची बायको हेस्टिंग्जनं लेकीसारखी वाढवलेली. भागीदारांत पुढे रेसिडेन्सीचा डॉक्टर लॅम्ब आणि रेसिडेंटचा सहायक सॉथबी हेही दिसतात. रेसिडेंटचे स्वतःचे पैसे पेढीत. आणि निजामाला कर्ज खरंच हवं आहे का, दर रास्त आहे का, हे कलकत्त्याला कळवणारा अधिकृत माणूस कोण? तोच रेसिडेंट.

रसेलचा वर्षाचा पगार ३४०० पौंड होता. १८२० मध्ये तो गेला तेव्हा गाठीशी ८५,००० पौंड होते, असं त्याच्या घराण्याचा इतिहास धुंडाळणारे सांगतात. भागाकार करा. एक पैही न खाता, न पिता, न नेसता पंचवीस वर्षं साठवलं तर एवढे होतात. तो रेसिडेंट होता नऊ वर्षं.

रसेल जायच्या बेतात असताना, १८२० च्या मध्यावर, पेढीनं निजाम सरकारला ६० लाखांचं नवं कर्ज द्यायची परवानगी मागितली. सैन्याचे थकलेले पगार, शेतकऱ्यांना तगाई, जुनी देणी फेडणं, कारणं सगळी साजूक. कलकत्त्याच्या कौन्सिलात दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली आणि हेस्टिंग्जनं निर्णायक मत टाकून मंजुरी दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्यानं वह्या उघडल्या. साठ लाखांत नवा पैसा फारसा नव्हताच. पेढीचीच जुनी बाकी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली होती. आणि साठातले आठ लाख तर कोणी दिलेलेच नव्हते. तो भागीदारांचा ‘बोनस’. आपल्याकडचे सावकार याला मनोती म्हणत: कर्ज द्यायला राजी झालो म्हणून घेतलेला मेहनताना. घेणाऱ्यानं कर्ज काढलं साठ, हाती पडले फार तर बावन्न, व्याज साठावर.

आठ लाख! घोडनदीचा गज लावा. तहातल्या सहा हजार शिपायांचा वर्षाचा पगार ५ लाख ४ हजार, म्हणजे ही मनोती त्या सगळ्या पायदळाला एकोणीस महिने पोसू शकली असती. पण याहून मासलेवाईक तुलना दुसरीच आहे. जून १८१८ मध्ये बाजीराव कंपनीचा सेनाधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला. अख्खी पेशवाई सोडण्याच्या बदल्यात त्याला मिळालेली पेन्शन वर्षाला आठ लाख. ती ऐकून हेस्टिंग्ज नाराज झाला होता. माल्कमनं फार उदारपणा केला, असं त्याचं मत पडलं. दोन वर्षांनी त्याच हेस्टिंग्जच्या मतानं मंजूर झालेल्या कर्जात तेवढेच आठ लाख एका पेढीच्या भागीदारांनी कलमाच्या एका फटकाऱ्यात उचलले. मेटकाफच्या सांगण्याप्रमाणे हा आकडा कलकत्त्यापासून लपवला होता. हेस्टिंग्जला तो ठाऊक नव्हता, हे मी मानायला तयार आहे. मानलेल्या लेकीच्या नवऱ्याला वह्या दाखव म्हणणं अवघड जातं.

मेटकाफनं हट्ट धरला की कंपनीनं सहा टक्क्यांचा पैसा उभा करून पामरला एकदाचं मोकळं करावं. हेस्टिंग्ज असेतो ते झालं नाही, उलट मेटकाफलाच बोलणी बसली. जानेवारी १८२३ मध्ये हेस्टिंग्ज विलायतेला गेल्यावर मार्ग निघाला, आणि तो असा: उत्तर सरकार हे आंध्र किनाऱ्यावरचे जिल्हे कंपनीकडे होते, त्याबद्दल ती निजामाला वर्षाला ७ लाख पेशकश देत असे. ही कायमची पेशकश एकरकमी मोडायची आणि त्या पैशानं पेढीचं देणं फेडायचं. रक्कम ठरली १,१६,६६,६६६ रुपये. हा षटकारांचा तांडा कुठून आला? सात लाख हे सहा टक्के व्याज मानलं तर मुद्दल तेवढं निघतं, भागून पाहा.

एक तोळ्याचा रुपया धरला तर या रकमेची चांदी होते १३६ टन. बैलाच्या पाठीवर शंभर किलो लादले तर १३६० बैल. रुपया-रुपया मोजायला बसलं, सेकंदाला एक, झोप नाही, जेवण नाही, तर १३५ दिवस. आपल्या गजानं, सहा हजार शिपायांचा तेवीस वर्षांचा पगार. आणि निजामानं सोडलं काय? दर वर्षाचे सात लाख, कायमचे. हैदराबाद संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. सव्वाशे वर्षं गुणिले सात लाख, ८ कोटी ७५ लाख. यात व्याज धरलेलं नाही. धरू नका, रात्री झोप लागणार नाही.

पेढी १८२४ मध्ये बुडाली. ठेवीदार अडकले. हेस्टिंग्जच्या वर्तनावर १८२५ मध्ये लंडनला कंपनीच्या भागधारकांत कडाक्याची चर्चा झाली. रसेल बर्कशरमधल्या स्वालोफील्डच्या वाड्यात राहिला, बापामागे सर झाला, १८५२ मध्ये वारला. त्याच्यानंतर वर्षभरात, १८५३ मध्ये, वऱ्हाड निजामाच्या हातून गेलं. कारण वेगळं, निजामानं पोसायच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पगाराची थकबाकी. ते सैन्य ज्या रसेल ब्रिगेडमधून वाढलं, तिच्या नावातला रसेल मात्र हाच.

राजदूतानं धंदा करू नये हे जगाला कधी सुचलं? १७८५ मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईनं निरोप देताना बेंजामिन फ्रँकलिनला आपलं चित्र दिलं, भोवती ४०८ हिरे. अमेरिकेच्या पुढाऱ्यांच्या पोटात गोळा आला, आणि १७८७ च्या राज्यघटनेत परक्या राजाकडून भेट घ्यायला काँग्रेसची परवानगी लागेल असं कलम राहिलं. सगळ्या देशांना लागू होईल असा नियम यायला १९६१ उजाडलं. व्हिएन्ना कराराचं ४२ वं कलम अवघ्या एका वाक्याचं आहे: राजनैतिक अधिकाऱ्यानं यजमान देशात स्वतःच्या फायद्यासाठी कोणताही व्यवसाय वा व्यापार करू नये.

या कलमाची जाळी आपल्या माणसांवर टाकून पाहिली. रेसिडेंट म्हणून रसेल बहुतेक सापडतो, पैसे नुसते ठेव होते की भागीदारी, यावर वकिलांची चैन होईल तेवढीच. सॉथबी सापडतो. खुश्रूशेट मोदी निसटतात, कारण ते स्थानिक नोकर, राजनैतिक अधिकारी नव्हेत. गंगाधरशास्त्री निसटतात, त्यांनी धंदा केला नाही, त्यांना फक्त पुढची नोकरी आणि सून देऊ केली होती. हेस्टिंग्ज कलकत्त्यात बसून होता, यजमान देशात नव्हताच. आणि आठ लाखांतला वाटा घेणारा रंबोल्ड तर सरकारी माणूसच नव्हता. तो एक खाजगी गृहस्थ, ज्याचं लग्न योग्य घरात झालं होतं.